मेमरी कमी, आठवणी फुल्ल!

माळ्यावरचा जुना पीसी भंगारात काढताय? जरा थांबा. रॅमला खोडरबर, डॉसला 'बॉक्स' आणि एका हाय स्कोअरची ही गोष्ट... थेट कुरुंदवाडहून!

'माळा रिकामा करतोय. ते कॉम्प्युटरचं डबडं भंगारवाल्याला देऊ का गं?' बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ट्रॅफिकमध्ये अडकलेली. एरवी 'द्या की' म्हणून मोकळी झाले असते. पण तोंडातून निघून गेलं, 'बाबा, नको! त्यात अण्णा आहेत!'

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग बाबा म्हणाले, 'मग ये की शनिवारी.'

अण्णा म्हणजे माझे आजोबा. २००३ साली घरात पीसी आला, तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि अण्णा पासष्टचे. माउस त्यांना कधीच जमला नाही. हात थरथरायचा, बाण स्क्रीनभर पळायचा. पण विंडोज एक्सपीमधला पिनबॉल त्यांना सापडला आणि गडी खूश! माउसची गरजच नाही. डावीकडे झेड, उजवीकडे स्लॅश, बॉल सोडायला स्पेसबार. बस्स. लोडशेडिंग संपून लाइट आली, की आम्हा पोरांच्या आधी खुर्चीत अण्णा. हाय स्कोअरच्या यादीत एका बोटानं स्वतःचं नाव टाइप करायचे आणि चहा मागवायचे. २०११ साली ते गेले. त्यांचं नाव मात्र त्या यादीत पहिल्या नंबरावर राहिलं होतं, निदान मला तरी तसं आठवत होतं.

तर मिशन पिनबॉल! पुण्याहून एसटीनं जयसिंगपूर आणि तिथून वडापनं कुरुंदवाड.

१२८ एमबीत संसार

आमच्या पीसीत रॅम होती १२८ एमबी. आज ऐकून हसू येईल, पण एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टची शिफारसच तेवढी होती. गंमत अशी, की ग्राफिक्स कार्ड वेगळं नव्हतं. ऑनबोर्ड ग्राफिक्स आपली मेमरी याच रॅममधून उचलायचं. त्यानं ३२ एमबी घेतले, की विंडोजला उरायचे ९६.

डेव्ह, प्रिन्स, रोड रॅश... सगळं मस्त चालायचं. मग दादानं 'व्हाइस सिटी'ची सीडी आणली. २००३ साली पीसीवर आलेल्या या गेमला किमान १२८ एमबी रॅम हवी होती. म्हणजे गणित आधीच फसलेलं! गाडी वळणावर यायची आणि चित्र गोठायचं. हार्ड डिस्कचा दिवा लालेलाल. रॅम संपली, की विंडोज हार्ड डिस्कचाच एक तुकडा मेमरी म्हणून वापरतं, तीच ती 'व्हर्च्युअल मेमरी'. पण डिस्क रॅमपेक्षा कैकपटींनी स्लो. त्यामुळे गेम चालायचा नाही, रांगायचा.

पॉकेटमनी साठवून दादानं २००६ साली २५६ एमबीची जादा रॅम बसवली. त्या दिवशी आमच्या गल्लीत आमचा भाव एकदम वाढला!

पीं... पीं... पीं...

कुरुंदवाड म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या काठचं गाव. समोर नृसिंहवाडी. नदी इथे घरात येते, हे वाक्य आम्ही अक्षरशः घेतो. २००५, २०१९, २०२१... प्रत्येक पुरात आधी कागदपत्रं, मग धान्य आणि मग हा पीसी माळ्यावर गेला. तो भिजला नाही. पण इतके पावसाळे दमट हवेत काढलेलं मशीन ते!

शनिवारी संध्याकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी आणि आतून नुसतं पीं... पीं... पीं... बाबा डबा उचलून जवळच्या एका दुकानात घेऊन गेले. तिथल्या पोरानं ऐकल्या ऐकल्या निकाल दिला, 'काका, फॉरमॅट मारूया. नव्यासारखा होतोय का नाही बघा!'

फॉरमॅट मारला असता, तर मशीन नवं झालं असतं आणि अण्णा पुसले गेले असते. डबा परत घरी.

मंडळी, लक्षात ठेवा. विंडोज सुरू व्हायच्या आधीच पीसी बोंबलत असेल, तर तिथे फॉरमॅटचा संबंधच येत नाही. बहुतेक मदरबोर्डांवर सलग किंवा लांब बीप म्हणजे 'मला रॅम दिसत नाहीये.' त्यावर आमच्या जमान्यातला जालीम उपाय म्हणजे कंपासपेटीतलं खोडरबर! तुम्हालाही करता येईल:

१. पीसीचा प्लग काढा आणि पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट जातो. मग केसच्या धातूला हात लावा, अंगातली स्टॅटिक वीज निघून जाईल.

२. मदरबोर्डवर फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर दिसले तर पुढे जाऊ नका, जाणकाराला दाखवा. २००० ते २००५च्या आसपासच्या अनेक बोर्डांना हा आजार होता.

३. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर दाबून रॅम काढा. खालच्या सोनेरी पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा. चुरा झटकूनच परत बसवा.

४. रॅमची खाच आणि स्लॉटचा दात जुळलाच पाहिजे. एसडीरॅमच्या पट्टीला दोन खाचा, डीडीआरला एक. जबरदस्ती करायची नाही. क्लिपा 'टक्' करून लागल्या पाहिजेत.

५. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. स्लॉटही बदलून बघा.

६. तारीख भलतीच दाखवत असेल, तर बोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदला.

आमच्याकडे पाचव्या पायरीवर चोर सापडला. दादाची २५६ एमबी मेली होती! ती काढली, मूळची १२८ एमबी एकटी लावली आणि 'पीं' एकदाच वाजलं. ऑल ओके! काळ्या पडद्यावर एक्सपीचा लोगो उगवला, तेव्हा बाबा आतून मोठ्यानं ओरडले, 'अगं, लागला काय?'

पिनबॉल उघडला. हाय स्कोअर्स. यादीत पाच नावं. पहिलं अण्णांचं, ३४ लाखांवर. दुसरं दादाचं. तिसरं परत अण्णांचं. आम्ही दोघं नुसतेच बघत बसलो.

नाव गेलं कुठे?

आता बॅकअप. पिनबॉलचं आख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, लॅपटॉपवर टाकलं. हा गेम ३२-बिटचा, त्यामुळे विंडोज ११वर झक्कास सुरू झाला. पण हाय स्कोअरची यादी कोरी! पोटात गोळाच आला.

कारण साधं होतं. हा गेम स्कोअर स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतच नाही. तो ठेवतो विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत. परत जुन्या मशीनवर गेले. रजिस्ट्री एडिटर उघडून करंट यूजरच्या खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, प्लस आणि त्यात पिनबॉल शोधलं. ती नोंद एक्सपोर्ट केली, लॅपटॉपवर त्या फाइलवर डबलक्लिक... आणि अण्णा पुण्याच्या लॅपटॉपवर हजर! (रजिस्ट्रीत बाकी कशालाही हात लावू नका हं. आणि एक्सपीचे सिक्युरिटी अपडेट्स २०१४ सालीच थांबलेत, त्यामुळे असलं मशीन इंटरनेटला जोडायचं नाही.)

१६ जीबी असून गरीब

मग हाव सुटली. डेव्ह आणि प्रिन्सही लॅपटॉपवर घेतले. चालेचनात! १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर १९९० सालचा गेम चालत नाही म्हणजे काय?

इथे प्रॉब्लेम मेमरी कमी असण्याचा नाही, मेमरीच्या मांडणीचा आहे. १९८१च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर फक्त १ एमबीपर्यंत मेमरी ओळखायचा. एसटीसारखं समजा. गाडीतल्या १०२४ सीट्सपैकी ३८४ स्क्रीन आणि बायोससाठी रिझर्व्ह. उरल्या ६४०, त्यात डॉस, माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर आणि शेवटी गेम! पुढे मशीनमध्ये ४-८ एमबी रॅम आली, तरी डॉसचे गेम्स 'मेमरी कमी आहे' म्हणून अडायचेच. मग लोक कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या फायली उघडून ड्रायव्हर्सना मागच्या सीटवर ढकलायचे. एकेका केबीसाठी भांडण!

हे १६-बिटचे गेम चालवायला ३२-बिट एक्सपीच्या पोटात एक दुभाष्या होता. ६४-बिट विंडोजमध्ये तो नाही. त्यावर इलाज म्हणजे डॉसबॉक्स. २००२ साली आलेलं हे फुकट सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपच्या आत एक खोटाखोटा जुना पीसी उभा करतं, ६४० केबीच्या त्याच सीट्ससकट. गेमचं फोल्डर 'माउंट' करा, गेमच्या फाइलचं नाव टाइप करा, एंटर. गेम सुसाट पळायला लागला तर कंट्रोल-एफ११नं वेग कमी करा, कंट्रोल-एफ१२नं वाढवा.

प्रिन्स धावायला लागला आणि मला त्याच्या निर्मात्याची गोष्ट आठवली. जॉर्डन मेकनरनं तो १९८९ साली ॲपल टूवर बनवला. प्रिन्सची चाल त्याच्या धाकट्या भावाचं शूटिंग करून घेतलेली आणि संगीत वडिलांचं. गेमचा मूळ कोड पुढे हरवला. २०१२ साली एका जुन्या खोक्यात तो फ्लॉप्यांवर सापडला. सापडला कुणाला? वडिलांनाच. म्हणजे माळे आवरणारे बाबा सगळीकडे सारखेच!

रविवारी निघताना बघते तर बाबा लॅपटॉपपुढे. एक बोट झेडवर, एक स्लॅशवर, शेजारी चहा गार झालेला. एका बॉलला स्कोअर २० लाखांच्या पुढे गेला आणि त्यांनी चक्क हात काढून घेतले.

'अहो बाबा, खेळा की! पहिले आला असता!'

'असू दे,' बाबा म्हणाले. 'दुसरा नंबर बरा आहे.'

डबा परत माळ्यावर गेलाय. या वेळी सगळ्यात वरच्या फळीवर.