कडा घासणारे यंत्र निवडताना

कोसबाडच्या टेकडीची ओळख शिक्षकांना नव्याने करून द्यायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे या टेकडीवर आले आणि डहाणूच्या पाड्यांवर अंगणवाडी, कुरणशाळा असे प्रयोग झाले. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने पाड्यावर परवडणारी नव्हती. म्हणून ताराबाईंनी शंखशिंपले, गोटे, बिया, पाने यांनाच साधने केले. तरीही काही साधने लाकडाचीच बरी. मनोऱ्याचे दहा ठोकळे पाहा. सर्वांत मोठा १० सें.मी. बाजूचा, त्यावर ९, मग ८, असे करत शेवटचा १ सें.मी. चा. ठोकळ्याच्या बाजू काटकोनात नसतील तर मनोरा कलतो, आणि आपण चुकलो असे मुलाला वाटते. चूक असते सुताराची.

आमचा एक जुना विद्यार्थी तलासरीजवळ सुतारकामाची शेड चालवतो. बालवाडीचे ठोकळे, फळ्यांची कपाटे, शाळांची बाके अशी कामे तो घेतो. हाताखाली शिकणारी दोन मुले आहेत. कडा घासण्यात त्याचा निम्मा दिवस जाई, म्हणून त्याने ‘एज सँडर’ घ्यायचे ठरवले आणि माहितीपत्रके घेऊन तो आमच्याकडे आला. “सर, दोन अश्वशक्तीचे घेऊ की तीनचे?” हा त्याचा पहिला प्रश्न. प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरात शाळेतले बरेचसे पदार्थविज्ञान येते.

आधी यंत्र समजून घेऊ. दोन उभ्या रुळांवरून घासकागदाचा एक अखंड पट्टा फिरतो. पट्टा आडवा नसतो, कडेवर उभा असतो. त्याच्या मागे लोखंडाची सपाट पाटी असते आणि पुढे टेबल. फळी टेबलावर आडवी ठेवून तिची कड पट्ट्याला टेकवली की कड घासली जाते. पाटी सपाट आणि टेबल तिच्याशी काटकोनात असेल, तर कडही सरळ आणि काटकोनात येते. फळीची सफाई या दोन गोष्टींवर ठरते, मोटरवर नव्हे.

मोटरचे काम किती, ते मोजता येते. रुळाचा व्यास १५० मि.मी. आणि फेरे मिनिटाला १,४४० असतील, तर पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ मीटर येतो; २,८०० फेरे असतील तर २२ मीटर. (परदेशी यंत्राच्या माहितीपत्रकात ६० हर्ट्झच्या विजेवरचा वेग दिलेला असेल, तर तो आपल्या ५० हर्ट्झवर पाच षष्ठांश होतो. हे विक्रेता सहसा सांगत नाही.) आता समजा, आपण फळी ५० न्यूटन बलाने, म्हणजे साधारण पाच किलो वजनाइतक्या जोराने दाबली आणि घर्षणाचे बल त्याच्या निम्मे, २५ न्यूटन आले. पट्ट्याचा वेग २० मीटर धरला तर २५ × २० = ५०० वॉट शक्ती लागते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. पट्टा, बेअरिंग आणि पाटीवरचे घर्षण यांचा खर्च धरून दोन अश्वशक्ती या शेडला पुरे.

पण मोटरच्या पाटीवर लिहिलेली शक्ती पुरा दाब मिळाला तरच मिळते. इंडक्शन मोटरचे फिरवण्याचे बळ विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर दाब २२ टक्क्यांनीच घटतो, पण बळ उरते ६१ टक्के. मोटर मंदावते, जास्त प्रवाह ओढते आणि तापते. मालक म्हणतो, यंत्र खराब निघाले. म्हणून आम्ही त्याला सांगितले की तीन अश्वशक्तीचा विचार करण्याआधी आठ दिवस व्होल्टमीटर लावून ठेव. सकाळी, दुपारी आणि शेजारचे पंप चालू असताना काय दाब मिळतो ते वहीत लिही. दाब खाली जात असेल तर मोठी मोटर आणखी प्रवाह ओढेल आणि तो आणखी खाली जाईल. थ्री-फेजची जोडणी असेल तर मात्र थ्री-फेज मोटरच घ्यावी.

आता काटकोनाची परीक्षा. गुण्या लावून पाहणे हा एक मार्ग झाला, पण गुण्याच चुकीचा असला तर? याहून चांगली एक युक्ती आहे आणि ती वर्गातही करून दाखवता येते. एकाच जाडीच्या दोन फळ्यांच्या प्रत्येकी एका कडेवर यंत्र चालवा. दोन्हींची वरची बाजू वरच ठेवून त्या काचेवर आडव्या मांडा आणि घासलेल्या कडा एकमेकींना भिडवा. टेबल अर्ध्या अंशाने चुकलेले असेल, तर २० मि.मी. जाडीच्या प्रत्येक फळीत ०.१७ मि.मी. ची चूक असते. पण भिडवल्यावर दोन्ही चुकांची बेरीज होऊन ०.३५ मि.मी. ची फट दिसते. वहीचे तीन कागद तिच्यात सरकतात. आता यांतली एक फळी पालथी करून पुन्हा भिडवा. फट नाहीशी होते! एका चुकीने दुसरी झाकली. रुंद फलक जोडताना जाणते मिस्त्री एकाआड एक फळी पालथी घालूनच कड काढतात, त्याचे कारण हेच. ठोकळ्याच्या बाबतीत मात्र ही पळवाट नाही. १० सें.मी. च्या ठोकळ्यात अर्ध्या अंशाची चूक जवळजवळ ०.९ मि.मी. होते, आणि ती मुलाच्या बोटांना कळते.

विक्रेत्याकडे जाताना दोन फळ्या बरोबर न्याव्यात आणि ही परीक्षा तिथेच करावी. पाटीवर सरळ पट्टी धरून मागून विजेरी लावावी. मध्ये उजेड दिसला तर यंत्र परत.

आणखी एक गोष्ट पाहायची ती टेबल वरखाली होते की नाही. पट्टा १५० मि.मी. रुंद आणि फळी २० मि.मी. जाड असेल, तर पट्ट्याचा खालचा २० मि.मी. भागच झिजतो. टेबल पक्के असेल तर उरलेला १३० मि.मी. पट्टा नवाच राहून फेकावा लागतो. टेबल उचलता येत असेल तर एका पट्ट्यात सात पट्ट्यांचे काम होते. वर्षभराचा हिशेब केल्यावर आमच्या विद्यार्थ्याला अश्वशक्तीपेक्षा हाच मुद्दा पटला.

घासकागदावरचा आकडा म्हणजे मुळात चाळणीच्या इंचातील भोकांची संख्या. त्यामुळे आकडा वाढला की कण बारीक होतो. ८० नंबरचा कण साधारण ०.२ मि.मी., १२० चा ०.१२ आणि १८० चा ०.०८ मि.मी. या यंत्रावर ८० आणि १२० पुरेत. त्याहून बारीक पट्ट्यावर सागाची कड काळी पडते; ते ५०० वॉट शेवटी उष्णताच होतात, आणि बारीक कणांमधल्या जागा भुशाने व सागाच्या तेलकट अंशाने लवकर भरून जातात. शिवाय सागात सिलिकाचे कण असतात, ते पट्ट्याची धार मारतात. शेवटची सफाई हाताने, रेषेच्या दिशेने करावी.

आता धुळीबद्दल. माहितीपत्रकात तिला एक ओळ असते, पण आम्ही सर्वांत जास्त वेळ तिच्यावरच बोललो. शिकणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला सागाच्या भुशाने अंगाला खाज येते आणि संध्याकाळी तो खोकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. धोका मुख्यतः नाकाच्या आतल्या भागाला. जमिनीवर दिसणारा भुसा त्या मानाने निरुपद्रवी असतो. ०.१ मि.मी. चा कण दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत खाली येतो. पण हवेत पडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.०१ मि.मी. चा, पाण्याच्या घनतेचा कण सेकंदाला ३ मि.मी. च खाली येतो. त्याला आठ मिनिटे लागतात. ०.००१ मि.मी. च्या कणाला स्थिर हवेतही बारा तास लागतात. यंत्र बंद करून जेवायला बसलेली मुले तोच श्वास घेत असतात. कौलांतून येणाऱ्या कवडशात हे कण तरंगताना दिसतात. तो कवडसा विद्यार्थ्यांना जरूर दाखवा.

म्हणून धूळ निघते तिथेच ओढून घ्यायला हवी. नळीत लाकडाची धूळ साचू नये म्हणून हवेचा वेग सेकंदाला २० मीटर तरी लागतो. १०० मि.मी. व्यासाच्या नळीत तो ठेवायचा तर तासाला ५६५ घनमीटर हवा ओढावी लागेल. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर याच्या जवळपासही जात नाही. थंड देशांतली पुस्तके सांगतात की ही हवा गाळून खोलीत परत सोडा, म्हणजे ऊब वाया जात नाही. तलासरीत ऊब वाया गेली तर बरेच! धूळ ओढणारा पंखा आणि पिशवी शेडबाहेर, शेजारच्या घरापासून दूर, छपराखाली ठेवता येते. मात्र त्या नळीत लोखंड घासल्याची ठिणगी जाता कामा नये. पटाशीला धार लावायला हे यंत्र वापरायचे नाही, एवढी सक्त ताकीद मुलांना द्यावी लागली.

हातमोजे आणि लांब बाह्याही नकोत. पट्टा ओढून नेतो. टेबलाच्या टोकाला फळी अडवणारी आडकाठी हवी आणि टेबल व पट्टा यांमधली फट कमीत कमी हवी. १ ते ३ सें.मी. चे ठोकळे यंत्रावर धरायचेच नाहीत. लांब पट्टीच्या बाजू आधी घासून घ्याव्यात, मग तुकडे कापावेत, आणि कापलेल्या बाजू काचेवर घासकागद पसरून हाताने कराव्यात.

शेवटी त्याने दोन अश्वशक्तीचे, वरखाली होणाऱ्या टेबलाचे साधे यंत्र घेतले आणि तीन अश्वशक्तीच्या यंत्रासाठी ठेवलेले उरलेले पैसे पंखा आणि नळीवर घातले. पट्टे कापडी पाठीचेच आणले, कारण कागदी पाठीचा पट्टा इथल्या पावसाळी हवेत ओल धरतो आणि वाकडा होतो. ते खिळ्याला न टांगता जाड बांबूवर टांगलेले असतात, आणि रात्री यंत्रावरच्या पट्ट्याचा ताण सैल करण्याचे काम त्या खोकणाऱ्या मुलाकडे आहे.