चढणाऱ्याला आधी वाट

मराठीत ‘घाट’ हा शब्द नदीकाठीही भेटतो आणि डोंगरातही. नदीत उतरायच्या पायऱ्या म्हणजे घाट आणि देशावरून कोकणात उतरायची वाट, तोही घाटच. वाई या गावाला हे दोन्ही लाभले आहेत. कृष्णाकाठच्या दगडी पायऱ्या पाहून गाडी वळवली की थोड्याच वेळात पसरणीचा घाट सुरू होतो. म्हणून दोघांनीच निवांत डोंगर बघायचा तर कुठून निघावं, असं कुणी विचारलं की मी वाईचं नाव सांगतो.

आमच्या प्रवासाला कारण घडलं ते पत्नीच्या निवृत्तीचं. तीसएक वर्षं ती प्राथमिक शाळेत शिकवत होती. फळ्यावर निळ्या खडूनं तिनं कृष्णा किती वेळा काढली असेल, याला गणती नाही. शाळेच्या सहलीबरोबर ती महाबळेश्वरला तीनदा जाऊनही आली होती. पण सहलीत बाई मुलं मोजतात, डोंगर नाही. आता गुडघे कुरकुरू लागले आहेत. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं सूतोवाच केलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “अहो, त्याआधी एकदा सावकाश जाऊन येऊ.”

आम्ही आखली ती वाट गोल आहे. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटानं पोलादपूर, तिथून महाड, वरंधा घाटानं भोर आणि मांढरदेवच्या डोंगरावरून परत वाई. सगळं मिळून दोनशेच्या आसपास किलोमीटर. घाई असलेला माणूस हे अंतर एका दिवसात उरकेल. आम्ही तीन दिवस घेतले.

पसरणी हे शाहीर साबळे यांचं जन्मगाव. ते गाव मागं टाकून वर चढताना कृष्णेचं खोरं हळूहळू खाली पसरत जातं आणि समोरचा डोंगर नीट दिसू लागतो. काळा कातळ, त्यावर गवताची पट्टी, पुन्हा कातळ, पुन्हा पट्टी. जणू पायऱ्याच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि थिजले. टणक थरांचे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांच्या जागी उतार आले, त्या उतारांवर झाडी धरली. नदीच्या पायऱ्या माणसानं बांधल्या, या पाण्यानं कोरल्या. दोन्हींना नाव एकच पडलं, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामध्ये भिलार लागतं. २०१७च्या मे महिन्यात ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथं घराघरांत मराठी पुस्तकं ठेवलेली आहेत. कुणाच्याही ओसरीवर टेकावं आणि वाचावं. आम्ही अर्धी दुपार तिथं काढली. कवीला याहून मोठी मेजवानी कोणती?

आता पावसाची गंमत बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वीस किलोमीटरही दूर नसलेल्या पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो आणि वाईला त्याहूनही कमी. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढताना थंड होतात आणि माथ्यावरच रिते होतात. पूर्वेकडे जातं ते उरलंसुरलं.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानतात. पत्नी तिथं बराच वेळ उभी होती. मग शाळेतल्याच आवाजात तिनं मला सांगितलं, की यातली कृष्णा चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते आणि सावित्री शंभरएक किलोमीटरमध्ये अरबी समुद्र गाठते. डोंगर एकच. पण त्याची पूर्वेची बाजू सौम्य उताराची आणि पश्चिमेची तुटलेल्या कड्यांची. कोकणातल्या नद्या आखूड आणि तापट का, त्याचं उत्तर या उतारात आहे.

दुसऱ्या दिवशी सावित्रीच्याच बाजूनं उतरलो. महाबळेश्वर ते पोलादपूर हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर वीस किलोमीटर भरतं. रस्त्यानं ते चाळीसच्या घरात जातं. दुप्पट का? हिशेब सोपा आहे. घाटरस्ता साधारणपणे वीस मीटर पुढं जाताना एक मीटर चढेल असा आखतात. महाबळेश्वर तेराशे मीटरहून उंचावर, पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला. तेराशेला विसानं गुणा. सव्वीस किलोमीटर तर नुसत्या उंचीपायी हवेत. सोंडा आणि ओढे यांना वळसे घालायचे ते वेगळेच. वळणं ही आखणाऱ्याची हौस नसते. चढ सोसवेल एवढा करण्यासाठी अंतर वाढवून घेतलेलं असतं.

वाटेत प्रतापगड आहे. १६५६ साली हा गड बांधला गेला तो जावळीच्या खोऱ्यावर आणि पार घाटावर नजर ठेवायला. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती देश आणि कोकण यांच्यामधली ये-जा. गडाच्या पायऱ्या चढताना पत्नी मध्येच थांबली. वरून कॉलेजची पोरं धडाधडा उतरत होती. तिला पाहून ती कडेला सरकली. “या काकू, आधी तुम्ही या.” घाटात गाड्यांनाही हाच नियम आहे. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्यानं थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. माणसांचंही तसंच आहे. ती माथ्यापर्यंत गेली, मीही तिच्या चालीनं गेलो.

महाडजवळ सावित्री ओलांडताना मात्र आम्ही दोघं गप्प होतो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २०२१च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माण तालुक्यात वर्षभरातही एवढा पडत नाही. त्याच दिवसांत महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. काल देवळात ज्या नदीचा उगम पाहिला तीच ही नदी, आणि ढग अडवणारा डोंगरही तोच. त्याचं देखणेपण बघायला जाणाऱ्यानं हेही ठाऊक असू द्यावं.

तिसऱ्या दिवशी वरंधा घाट चढलो. वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी, चहा आणि खाली शिवथरचं खोरं. तिथल्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला, असं मानतात. पुढं नीरा-देवघरचं पाणी रस्त्याला सोबत करतं, ते थेट भोरच्या वाटेवर सोडतं.

जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. तेव्हा ओढे अजून वाहते असतात आणि दरडींचं भय ओसरलेलं असतं. पावसाळ्यात वरंधा आणि आंबेनळी बंद ठेवण्याची वेळ येते, म्हणून आधी चौकशी करा. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर विसंबू नका. अंधारापूर्वी मुक्काम गाठा. सोबतीला एकच माणूस न्या, पण ज्याच्या चालीनं चालायला तुमची हरकत नसेल असं. पत्नीची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. ती झाल्यावर कोणता घाट, ते तिनं आताच नकाशावर पेन्सिलीनं काढून ठेवलं आहे.