उशीला लोकरीचा अभ्रा

सुयांवर विणायचं म्हटलं की ‘एक उलट, एक सुलट’ आठवतं. उशीच्या साध्या अभ्र्याला मात्र नुसता सुलट टाका येत असला तरी पुरतो.

सोफ्यावरची उशी ४० सेंटिमीटरची असेल, तर अभ्रा ३८चा विणावा. लोकरीचं विणकाम ताणतं, आणि जरा आवळ बसलेला अभ्राच भरीव, देखणा दिसतो. आधी हातभर नको, पण तळहाताएवढा नमुना विणून पट्टीने मोजावा. १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसले, तर सुईवर ६८ टाके घालायचे. हा नमुना टाळावासा वाटतो, आणि तिथेच अख्खा अभ्रा उसवायची वेळ येते.

पुढे प्रत्येक ओळ सुलटच. दोन्ही बाजूंना आडव्या उंचवट्यांच्या रेघा उमटतात, कडा सपाट राहतात. एक ओळ सुलट, एक उलट विणली तर पोत गुळगुळीत येतो खरा, पण कडा गुंडाळल्या जातात.

८६ सेंटिमीटर लांब पट्टी झाली की टाके बंद करायचे. दोन्ही टोकं १० सेंटिमीटर एकमेकांवर चढतील अशी घडी घालून बाजू त्याच लोकरीने शिवायच्या आणि अभ्रा उलटवायचा. चेन नको, बटणं नकोत. उशी मागच्या फटीतून आत सरकते.