राष्ट्र सेवा दलाच्या शाखेतील खेळ

राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत किशोरवयीन मुला-मुलींकडून एकत्र खेळवून घेतल्या जाणाऱ्या मैदानी खेळांना शाखेतील खेळ म्हणतात. त्यांत लंगडी, खो-खो, हुतूतू असे नियमबद्ध देशी खेळ येतात, तसेच विषामृत, साखळी, रुमालपळवी यांसारखे फारशा साधनांविना खेळता येणारे गमतीचे खेळही येतात. या लेखात मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

राष्ट्र सेवा दलाची स्थापना ४ जून १९४१ रोजी पुण्यात झाली. एस. एम. जोशी हे त्याचे पहिले दलप्रमुख होते. सायंकाळी भरणाऱ्या शाखेत ध्वजवंदन, कवायत, लेझीम, खेळ, गाणी आणि बौद्धिक असा कार्यक्रम असे. बौद्धिकासाठी आपण होऊन येणारी मुले थोडीच. बहुतेकांना मैदानावर ओढून आणीत ते खेळच.

मुले आणि मुली एकाच रिंगणात खेळणे त्या काळी सर्वमान्य नव्हते. अस्पृश्यतेचा प्रश्नही तितकाच ताजा होता. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. अशा समाजात शेजारच्याचा हात धरल्याशिवाय जो खेळ पुढेच सरकत नाही, त्याला करमणुकीपलीकडचा अर्थ होता.

साखळी आणि विषामृत

साखळीत एका खेळाडूवर राज्य असते. तो ज्याला शिवेल त्याने त्याचा हात धरायचा, मग दोघांनी मिळून तिसऱ्याला गाठायचे. साखळी वाढत जाते. मात्र शिवण्याचा अधिकार केवळ दोन्ही टोकांच्या खेळाडूंना असतो आणि साखळी तुटली असता शिवलेला गडी बाद धरला जात नाही. त्यामुळे सर्वांत वेगवान मुलालाही सर्वांत हळू पळणाऱ्याच्या चालीने धावावे लागते. साखळी लांबली की ती वळवणे अवघड होते, कोणत्या दिशेने जायचे यावर धावता धावताच वाद होतात, आणि खरी गंमत तेथेच आहे.

विषामृतात राज्य असलेला खेळाडू ज्याला शिवून ‘विष’ म्हणेल तो जागीच थिजतो. मोकळ्या सोबत्याने येऊन त्याला शिवत ‘अमृत’ म्हटले की तो पुन्हा पळू लागतो. सर्व खेळाडू थिजले की डाव संपतो. येथे कोणीही बाद होऊन कडेला बसत नाही. बाद झालेल्यांना बसवून ठेवणाऱ्या खेळांत ज्याला सरावाची सर्वाधिक गरज असते तोच आधी बाहेर पडतो. विषामृतात हा दोष नाही. नवख्या गटासाठी म्हणूनच तो अधिक योग्य ठरतो.

इतर खेळ

रुमालपळवीत समोरासमोरच्या दोन रांगांना सारखेच क्रमांक दिले जातात. पुकारलेल्या क्रमांकाच्या दोघांनी मधला रुमाल उचलून, प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श टाळत आपल्या रांगेत परतायचे असते. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळात हे शब्द आधी उच्चारले असतील तरच आज्ञा पाळायची. ‘डोंगराला आग लागली’ हा खेळ दुहेरी रिंगणाचा आहे.

गोरेगाव

मुंबईच्या उपनगरांपैकी गोरेगावशी सेवा दलाच्या कार्यकर्त्यांचा जवळचा संबंध राहिला. केशव गोरे आणि मृणाल गोरे हे दांपत्य सेवा दलातून समाजवादी चळवळीत आले आणि गोरेगावात स्थायिक झाले. मृणाल गोरे १९५३ मध्ये तेथील ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. गोरेगाव तेव्हा मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर होते. केशव गोरे यांचे १९५८ मध्ये निधन झाले. त्यांच्या नावाचा स्मारक ट्रस्ट गोरेगावात आहे.

पुढे वस्ती दाट होत गेली आणि मोकळ्या जागा आक्रसल्या. खो-खोला २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मैदान लागते. एवढी जागा इमारतींच्या आवारात क्वचितच मिळते. विषामृत किंवा साखळीला ठरावीक माप नसते. आवार फारच लहान असल्यास सर्वांनी लंगडी घालत साखळी खेळावी, असा बदल करता येतो: वेग आपोआप उतरतो आणि वाहनांवर किंवा भिंतीवर आदळण्याचा धोका कमी होतो. फरशी ओली असेल तर मात्र लंगडी घालू देऊ नये.