बेंजोवरचा बाख

बेंजो म्हटले की आपल्याकडे वरात आठवते. तो बटनांचा बेंजो जपानी ताइशोगोतोच्या कुळातला. मी वाजवतो तो अमेरिकेतला पंचतारी, गुलाम म्हणून तिकडे नेलेल्या आफ्रिकी माणसांनी घडवलेल्या वाद्याचा वंशज. त्याची घोडी ताणलेल्या कातड्यावर (हल्ली प्लॅस्टिकवर) उभी असते, म्हणून सूर ठसठशीत उमटतो आणि लगेच विझतो. गजाने सूर लांबवावा तसा इथे लांबवता येत नाही. बाखच्या एका चेलो सुइटमधील संथ साराबांद मी वर्षभर घोटली. लांब सुरांच्या जागी नुसती भोके पडत. सोडून दिली.

त्याच बाखच्या तिसऱ्या व्हायोलिन पार्तितेचा प्रेल्यूड मात्र धावता आहे, त्यात भोक पडायला जागाच नाही. बेला फ्लेकने २००१ च्या ‘पर्पेच्युअल मोशन’मध्ये तो वाजवला आहे. अशा रचनांत लागोपाठचे सूर एकाच तारेवर न घेता वेगवेगळ्या तारांवर वाटायचे. पहिला विझण्याआधी दुसरा त्याला येऊन मिळतो. पाचव्या पडद्यापाशी सुरू होणारी आखूड पाचवी तार उंच सूर मोकळाच पुरवते. मग चढती सुरावट वाजवतानाही हात कधी खाली उतरतो! स्टाफ नोटेशन वाचून बोटे हमखास चुकतात, म्हणून प्रेल्यूड मी तार आणि पडदा यांच्या आकड्यांत उतरवून घेतला आहे. साराबांदचा कागद अजून त्याच वहीत आहे.