परिचालन प्रणालीच्या स्थापनेतील स्तब्धता
परिचालन प्रणालीच्या स्थापनेतील स्तब्धता : संगणकावर विंडोज, लिनक्स यांसारखी परिचालन प्रणाली बसविण्याचे काम मध्येच थांबून कळफलक व माउस यांना प्रतिसाद न मिळणे, या अवस्थेस ही संज्ञा लावतात. दोषसूचना देऊन काम थांबल्यास कारणाचा धागा हाती लागतो. स्तब्धतेत पडद्यावरील शेवटची ओळ एवढाच पुरावा उरतो. त्यामुळे निर्दोष सुटे भाग नादुरुस्त समजून टाकून दिले जातात. प्रत्यक्षात पुष्कळदा त्यांची मांडणी व नव्या प्रणालीची अपेक्षा यांत मेळ नसतो.

स्थापनेची आज्ञावली प्रारंभी यंत्रातील भाग चाचपते; म्हणजे ठराविक पत्त्यांवर संकेत पाठवून उत्तराची वाट पाहते. उत्तर न आल्यास, अथवा उपकरणाचा व्यत्यय-संकेत भलत्याच ओळीवर गेल्यास, आणि प्रतीक्षेला मुदत नसल्यास प्रक्रियक तेथेच घोटाळत राहतो. आयएसए कार्डांच्या काळी हे वारंवार घडे. १९८१ च्या आयबीएम पीसीत व्यत्ययाच्या ८ ओळी होत्या. १९८४ च्या पीसी-एटीत त्या वाढल्या, तरी दोन आयएसए कार्डांना एक ओळ निर्धोकपणे वाटून घेता येत नसे. छपाईयंत्राचे द्वार व ध्वनिकार्ड या दोहोंनी ७ क्रमांकाचीच ओळ धरणे हा नेहमीचा तंटा होता. एनई-२००० धर्तीच्या जाल-कार्डाच्या पत्त्यावर दुसऱ्याच चालक आज्ञावलीने चाचपणी केली, तर संपूर्ण यंत्र थिजू शके. म्हणून लिनक्सला ‘रिझर्व्ह’ ही सूचना देऊन तो पत्ता इतर चालकांना वर्ज्य करीत.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या एसीपीआय मानकाने उपकरणांची जुळणी व वीजनियंत्रण परिचालन प्रणालीकडे सोपविले. त्यासाठी लागणारे तक्ते मुख्य फलकावरील बायोस पुरविते. ते सदोष असल्यास स्थापना पहिल्या काही क्षणांतच थांबू शकते. विंडोज एक्सपीत एफ-६ कळीची सूचना झळकत असता एफ-७ दाबल्यास एसीपीआय वगळले जाई. ही सोय पडद्यावर कोठेही लिहिलेली नसे. लिनक्समध्ये ‘एसीपीआय=ऑफ’ या सूचनेने तेच साधते. पडदा काळा पडून काम थांबल्यास संशय चित्रकार्डाच्या चालकावर घ्यावा. तेथे ‘नोमोडसेट’ ही सूचना उपयोगी पडते. स्मृतिपट्ट्या निर्धारित वेगापेक्षा अधिक वेगाने चालविल्या असल्यास दोष बहुधा फाइली उलगडताना प्रकट होतो.

उपायांपूर्वी थोडे थांबणे इष्ट होय. मोठी चकती सिद्ध होण्यास बराच वेळ लागतो. तिचा दिवा लुकलुकत असल्यास ती स्तब्धता नव्हे. कॅप्स लॉक कळ दाबून तिचा दिवा बदलतो का, हेही पाहावे. बदलत असल्यास प्रणालीचा गाभा बहुधा जिवंत असतो. त्यानंतर अनावश्यक उपकरणे काढून बायोसची मांडणी मूळ स्थितीवर आणावी, एकच स्मृतिपट्टी ठेवावी व एका वेळी एकच बदल करावा. अनेक बदल एकदम केल्यास यंत्र चालू होते, पण कारण कळत नाही. बायोस नवे करणे हा उपाय शेवटचा. ते लिहिले जात असता वीज गेल्यास फलक निकामी होऊ शकतो.

खरा धोका चकतीवरील माहितीला असतो. म्हणून मूळ मांडणी आधी टिपून ठेवावी व माहितीची प्रत अन्यत्र काढावी. चकती-नियंत्रकाची एएचसीआय, आयडीई वा रेड ही पद्धत बदलल्यास आधीची प्रणाली सुरू होईनाशी होते. रेड संचातील चकत्यांचा परस्परसंबंध तुटू शकतो. सिक्युअर बूट वा टीपीएमची मांडणी बदलल्यास बिटलॉकरने कुलूपबंद केलेली चकती ४८ अंकी पुनःप्राप्ती-संख्या मागू शकते, आणि ती हाती नसल्यास आतील माहिती परत मिळत नाही.

स्थापना पूर्ण झाल्यावर तात्पुरत्या सूचना काढून टाकाव्या लागतात. एसीपीआय बंदच राहिल्यास संगणक आपोआप वीज तोडत नाही, सुवाह्य संगणकात विद्युत् घटाची स्थिती दिसत नाही व अनेक यंत्रांत प्रक्रियकाचा एकच गाभा वापरला जातो.