‘मोफत घरपोच’मध्ये काय काय दडते?

ऑनलाइन दुकानातील ‘मोफत घरपोच’ ही सवलत बहुधा सशर्त असते. ठरावीक रकमेपुढची खरेदी, सभासदत्वाची वर्गणी किंवा निवडक पिनकोड, यांपैकी एखादी अट बारीक अक्षरांत दिलेली असते. शंभर रुपये कमी पडले म्हणून नको असलेली वस्तू टोपलीत टाकली, तर वाचलेल्या चाळीस रुपयांचा हिशेब उलटाच पडतो. कधी पोहोच मोफत ठेवून ‘हाताळणी’, ‘प्लॅटफॉर्म’ किंवा ‘पॅकिंग’ या नावाने शुल्क लावले जाते आणि ते पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरच दिसते. वस्तूच्या किमतीतच वाहतूक खर्च मुरवणे ही आणखी जुनी युक्ती.

भारतात ई-वाणिज्य नियम, 2020 नुसार विक्रेत्याने एकूण किंमत आणि तिच्यात पोहोच शुल्कासह कोणते आकार धरले आहेत, हे दाखवणे बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे ‘मोफत’ या दाव्यावर थेट बोट ठेवतात: पॅकिंग, हाताळणी वा प्रशासकीय खर्च ग्राहकाकडून घेतला जात असेल, तर वस्तू मोफत म्हणता येत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 फसव्या रचनांची यादी अधिसूचित केली. किंमत आधी लपवून टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि न विचारता टोपलीत भर घालणे, या दोन्ही तीत आहेत. परत पाठवणीचा खर्च मात्र पुष्कळदा वेगळाच आकारला जातो. ती अट परतावा धोरणात सापडते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.